साहेबाचं टेन्शन आणि शिपायाचं काळीज

आमच्या घरी एक वाक्य वरचेवर ऐकू यायचं. ‘साहेबांचं काय सांगू, केवढा ताप त्यांच्या डोक्याला!’ बाबा मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबाला केबिन, गाडी आणि टेबलावर घंटी, त्याबदल्यात बीपी, मधुमेह आणि पन्नाशीतला हार्ट अटॅक, असा एक हिशेब सगळ्यांच्या मनात पक्का होता. घंटी वाजली की धावत जाणाऱ्या शिपायाला पगार कमी, पण रात्री झोप तरी शांत लागते म्हणे.

हा हिशेब चुकीचा आहे, हे लंडनमध्ये सत्तरच्या दशकातच सिद्ध झालं होतं.

ब्रिटनमधली सरकारी खाती व्हाइटहॉल नावाच्या रस्त्याच्या आसपास वसलेली आहेत. १९६७ साली डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोज यांनी तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू केली. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेटी, सगळं नोंदवलं आणि मग वाट पाहिली. साडेसात वर्षांनी मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराने गेलेल्यांची मोजदाद केली, तेव्हा सर्वात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे निरोप्या-शिपाई वर्गातल्या लोकांचं मृत्यूचं प्रमाण सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट निघालं. बरं, हा फरक फक्त दोन टोकांमध्ये नव्हता. श्रेणी उतरत गेली, तसा धोका चढत गेला. कारकून शिपायापेक्षा बरा, पण अधिकाऱ्यापेक्षा वाईट.

पहिली शंका कुणालाही येईल ती सिगारेटची. खालच्या श्रेणीत सिगारेटी जास्त ओढल्या जात होत्याच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन या सगळ्याचा परिणाम गणितातून वजा केल्यावरही श्रेणीचा फरक ठळकपणे उरला. हे लोक उपाशीही नव्हते. कायमची नोकरी, पेन्शन, सरकारी आरोग्यसेवेत मोफत उपचार. गरिबी नाही, उपचारांची वानवा नाही, तरी माणसं मरत होती, आणि तीही हुद्द्याच्या क्रमाने.

उत्तर शोधायला १९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. या वेळी १०,३०८ जण, त्यात एक तृतीयांश स्त्रिया. प्रश्नावलीत एक नवा विषय होता: तुमचं काम कसं करायचं, कधी करायचं, हे ठरवण्यात तुमचं किती चालतं? १९९७ साली निष्कर्ष छापून आले. दोन वेगवेगळ्या वेळी विचारूनही ज्यांचं ‘फारसं चालत नाही’ असं निघालं, त्यांच्यात नव्याने हृदयविकार जडण्याची शक्यता ज्यांचं बरंच चालतं त्यांच्या जवळजवळ दुप्पट होती.

इथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की रडगाणं गाणारा माणूस कामाबद्दलही गाणार आणि छातीत दुखतं म्हणूनही गाणार. संशोधकांना हे सुचलं होतं. म्हणून त्यांनी कार्मिक विभागातल्या अधिकाऱ्यांकडून प्रत्येक पदाचं स्वतंत्र मोजमाप करून घेतलं होतं. त्यांनी ज्या पदांना ‘मोकळीक कमी’ असा शेरा दिला, त्या पदांवरच्या लोकांमध्येही धोका जास्तच होता. म्हणजे गोष्ट माणसाच्या स्वभावातली नव्हती, खुर्चीतली होती.

मोकळीक म्हणजे काय ते मला बाबांच्या अर्ध्या दिवसाच्या रजेवरून कळतं. माझ्या शाळेतल्या पालकसभेसाठी त्यांना दोन तास हवे असत आणि अर्जावर तीन सह्या लागत. काम डोंगराएवढं होतं असं नाही. पण दिवसातला एकही तास त्यांचा स्वतःचा नव्हता.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच हे एका चौकटीत मांडलं होतं. एका बाजूला कामाचा रेटा, दुसऱ्या बाजूला निर्णयाची मुभा. रेटा खूप आणि मुभाही खूप असेल, तर माणूस दमतो पण शिकतोही; ऑपरेशन करणारा सर्जन इथे बसतो. रेटा खूप आणि मुभा शून्य, हे मात्र घातक मिश्रण. कॉल सेंटरमधल्या ज्या मुलीचं बोलायचं वाक्यही आधीच लिहून दिलेलं असतं आणि बाथरूमला जायची मिनिटंही मोजली जातात, ती या कोपऱ्यात. कुरिअर पोहोचवणारा मुलगाही तिथेच. त्याचा साहेब म्हणजे फोनमधलं घड्याळ. पुढे या चौकटीला तिसरी बाजू जोडली गेली: अडचणीत हाक मारली तर ओ देणारं कुणी आहे का?

हे सगळं काळजापर्यंत पोहोचतं कसं? मेंदूतलं हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतं, ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं. साखर वाढते, शरीर सज्ज होतं. वेळ निभावून नेण्यापुरती ही सोय उत्तम आहे. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं ती चालू राहिली, की पोटाभोवती चरबी, वाढता रक्तदाब, बिघडलेली साखर असा गोतावळा जमतो. कॉर्टिसॉल तसंही सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात उसळी घेतं. व्हाइटहॉलच्या काही कर्मचाऱ्यांच्या लाळेचे नमुने तपासले, तेव्हा ही उसळी सुट्टीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी मोठी आढळली. कामावर जायचंय ही भावना नुसती मनात नसते, थेंबभर लाळेतही सापडते.

आता थोडी लगाम. युरोपातले १३ अभ्यास आणि जवळपास दोन लाख माणसं एकत्र घेऊन २०१२ मध्ये झालेल्या विश्लेषणात रेटा खूप आणि मुभा कमी अशा कोंडीच्या कामामुळे हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २३ टक्के म्हणजे सिगारेटच्या मानाने कमीच. तेव्हा ‘बॉसमुळेच अटॅक आला’ असं एखाद्याच्या चितेपाशी म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही. आकडा व्यक्तीचा नसतो, गर्दीचा असतो. पण नोकरदारांची गर्दी केवढी आहे! तासांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करण्यापायी २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघात आणि हृदयविकाराने दगावली.

मुभेइतकाच दुसरा एक धागा आहे, भीतीचा. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन ही संशोधक रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका मोजत होती. तिचा अंदाज सरळ होता: ज्या वॉर्डात परिचारिकांची टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या टीमकडेच चुका जास्त! दुसरं कुणी असतं तर कागद फाडून टाकले असते. तिने मात्र प्रश्न बदलला. चांगल्या वॉर्डात चुका जास्त होत नसतील, जास्त सांगितल्या जात असतील तर? खातरजमेसाठी आकड्यांची काहीही कल्पना नसलेला एक सहायक वॉर्डांत निरीक्षणाला पाठवला, आणि तो सांगत आला तेही असंच होतं. काही ठिकाणी लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत, काही ठिकाणी चूक कबूल केली की खरडपट्टी ठरलेली. १९९९ मध्ये तिने या मोकळेपणाला ‘मानसिक सुरक्षितता’ या नावाने मांडलं. ‘साहेबांच्या कानावर घालू नकोस’ हे वाक्य ज्या ऑफिसात रोज ऐकू येतं, तिथल्या रजिस्टरमध्ये चुका अर्थातच फार थोड्या सापडतील.

कायदे आणि मानकं या संशोधनाच्या मागून हळूहळू येत आहेत. कॅनडाने २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय मानक काढलं. ते ऐच्छिक आहे. २०२१ मध्ये आयएसओ ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक आलं. त्यात कामाचा रेटा, अस्पष्ट जबाबदारी, दादागिरी यांच्याकडे निसरडी फरशी किंवा उघडी वायर यांच्यासारखंच बघितलं आहे. आधी धोका काढून टाका, तो निघेना तरच माणसाला हेल्मेट घाला. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ असं स्वतंत्र नावच असलेल्या जपानमध्ये डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दरवर्षी ताणाची तपासणी करावी लागते. त्यातली मला आवडलेली गोष्ट ही, की कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचा निकाल मालकाला दाखवता येत नाही.

आपल्याकडच्या कंपन्यांना मात्र हेल्मेट फार प्रिय. शुक्रवारी ऑनलाइन योगा, फोनवर ध्यानाचं ॲप, ‘ताणाला सामोरं कसं जावं’ यावर दोन तासांचं सत्र, आणि सत्राला बसल्यामुळे तुंबलेलं काम रात्री. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापला: असे कार्यक्रम करणारे आणि न करणारे यांच्या मानसिक स्थितीत लक्षात घेण्याजोगा फरक नाही. ही एका वेळची तुलना आहे, प्रयोग नव्हे, हे खरं. आणि योग वाईट आहे असंही कुणी म्हणत नाही. घरी जरूर करावा.

काम स्वतःच बदललं तर काय होतं, हे पाहणारा प्रयोगही झाला आहे, अमेरिकेतल्या एका आयटी कंपनीत आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांमध्ये. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही गट निवडले. तिथे कधी आणि कसं काम करायचं हे ठरवण्यात कर्मचाऱ्यांना जास्त वाव दिला, आणि साहेबांना हाताखालच्या माणसांच्या घरच्या अडचणी समजून घेण्याचं प्रशिक्षण दिलं. हृदयाबाबतचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सरसकट सगळ्यांमध्ये फरक पडला नव्हता. पण ज्यांच्या हृदयाला आधीपासून धोका जास्त होता, त्यांचा धोका इतका उतरला, जणू आयटीतल्यांचं वय पाचेक वर्षांनी आणि शुश्रूषा केंद्रातल्यांचं दहाएक वर्षांनी कमी व्हावं.

त्या आयटी कंपनीत साहेबांच्या खिशात एक छोटं उपकरण दिलेलं होतं. आज आपल्या माणसांची विचारपूस केली का, ते नोंदवा, याची आठवण करून द्यायला त्याचा गजर व्हायचा. घंटी वाजायची, आणि उठायचं साहेबाने.