तंबपंणी: श्रीलंकेचे एक जुने नाव

श्रीलंकेचे 'तॅप्रोबेन' हे नाव ग्रीकांनी ठेवले, असे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. ग्रीकांनी ते ठेवले नाही, फक्त ऐकले आणि आपल्या उच्चारात बसवले. मूळ नाव भारतातलेच, ताम्रपर्णी, पालीत तंबपण्णी.

याचा सर्वांत भक्कम पुरावा अशोकाच्या लेखांत आहे. गिरनारच्या खडकावरील दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय कुठवर केली ते सांगितले आहे. चोड, पांड्य, सातियपुत, केतलपुत अशी दक्षिणेकडची नावे येतात आणि मग 'आ तंबपंणी', म्हणजे तंबपंणीपर्यंत. लगेच पुढे अंतियक या यवन, म्हणजे ग्रीक, राजाचे नाव. काही अभ्यासकांच्या मते इथे तिरुनेलवेलीकडची ताम्रपर्णी नदी अभिप्रेत आहे. मला ते पटत नाही. ती नदी पांड्यांच्याच मुलखात वाहते. पांड्यांचे नाव घेऊन झाल्यावर पुन्हा त्यांच्या नदीपर्यंत येण्यात अर्थ नाही. बेट मात्र मन्नारच्या आखातापलीकडे आहे. या आखाताच्या किनाऱ्यावरचे मोती प्रसिद्ध होते, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही 'ताम्रपर्णिक' मोत्यांचा उल्लेख आहे. (चंदगड तालुक्यातही ताम्रपर्णी नदी आहे, पण ती वेगळी.)

नावामागची कथा महावंसात, लंकेतल्या भिक्षूंनी लिहिलेल्या पाली इतिहासग्रंथात, येते. देशाबाहेर काढलेला राजपुत्र विजय आपल्या माणसांसह आधी सुप्पारकला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याला उतरला. तिथे त्याच्या माणसांनी दांडगाई केल्यामुळे पुन्हा जहाजात बसावे लागले. लंकेच्या किनाऱ्यावर थकून जमिनीला हात टेकले, तर तळवे तांबडे झाले. म्हणून उतरण्याची जागा तंबपण्णी, आणि पुढे सगळ्या बेटालाच ते नाव. महावंस अशोकानंतर कित्येक शतकांनी रचलेला आहे, त्यामुळे तळव्यांची गोष्ट नाव आधी आणि कथा मागून, अशीच वाटते. सोपाऱ्याचा उल्लेख मात्र मोलाचा आहे. कोकणातल्या या बंदराचे नाव लंकेतल्या भिक्षूंना चांगले माहीत होते, हे त्यातून दिसते. याच सोपाऱ्यात १८८२ साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला.

अलेक्झांडरच्या मोहिमेतला ओनेसिक्रिटस आणि नंतर मौर्य दरबारातला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस यांच्यामुळे नाव पश्चिमेला पोचले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमीने बेट खऱ्या आकाराच्या कितीतरी पट मोठे दाखवले आणि त्याच्या दक्षिण भागातून विषुववृत्त नेले. या चुकीने पुढे मोठा घोळ झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपात टॉलेमीचे नकाशे छापले जाऊ लागले, तेव्हा विषुववृत्तावर असलेले मोठे बेट सापडत होते ते सुमात्रा. त्यामुळे कित्येक नकाशांत सुमात्रालाच तॅप्रोबेन म्हटले गेले. गोव्यात राहून गेलेल्या पोर्तुगीज कवी कामोइंशने १५७२ च्या आपल्या महाकाव्याच्या पहिल्याच कडव्यात पोर्तुगीज खलाशी 'तॅप्रोबानाच्याही पलीकडे' गेले असे म्हटले, तेव्हा हे नाव जगाच्या टोकाची खूण म्हणूनच वापरले होते.

व्यवहारात तोवर दुसरे नाव रुळले होते. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस सांगतो की भारतीय या बेटाला सिएलेदिबा म्हणतात आणि ग्रीक तॅप्रोबेन. सिंहलद्वीपावरून आलेल्या याच नावापासून अरबांचे सरनदीब झाले, आणि सिंहलवरूनच सिलोन. १९७२ मध्ये देशाने श्रीलंका हे नाव घेतले. जुने नाव आज शास्त्रीय नामावलीत टिकून आहे: दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत फुलणाऱ्या एका पिवळ्या ऑर्किडच्या प्रजातीला १९९२ मध्ये 'तॅप्रोबेनिया' हे नाव देण्यात आले.