पाणी कुठे मुरतंय?

बोअरहोलमधून, म्हणजे जमीन तपासायला पाडलेल्या खोल भोकातून, आलेल्या मातीच्या नमुन्यातला गोटीहून जरा मोठा तुकडा घ्यायचा, दोन थेंब पाणी घालून तळहातावर चपटा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्या हाताला बाजूने टपटप धक्के द्यायचे. माती पोयट्याची असेल तर काही सेकंदांत तिच्यावर पाण्याची चकाकी येते. आता तळहात किंचित आवळायचा. चकाकी गायब होते, माती कोरडी दिसायला लागते. चिकणमाती मात्र ढिम्म. कितीही हलवा, तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

या चाचणीला ना यंत्र लागतं ना वीज. धक्क्यांनी मातीचे कण एकमेकांजवळ सरकतात आणि मधलं पाणी वर ढकललं जातं. आवळल्यावर कण एकमेकांवर चढायला बघतात, मधली जागा वाढते आणि पाणी परत आत शोषलं जातं. चिकणमातीतल्या फटी इतक्या बारीक असतात की एवढ्या वेळात त्यातलं पाणी जागचं हलूच शकत नाही. मी भूतांत्रिक अभियंता आहे, म्हणजे बांधकामाखालची जमीन तपासणारा. मेट्रो, रेल्वेचे भराव, उड्डाणपुलांचे पाये असल्या कामांवर माझी बरीच वर्षं गेली, आणि आमच्या धंद्यातले निम्मे प्रश्न या तळहातावरच्या तुकड्यात सापडतात, असं माझं मत आहे. माती किती मजबूत आहे, हे सगळे विचारतात. खरा प्रश्न असतो तो तिच्यातलं पाणी कुठे जाणार आणि किती वेळात जाणार, हा.

1964 साली जपानमधल्या निगाता शहरात भूकंपाने हीच चाचणी मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू हादरली, कण एकमेकांजवळ यायला निघाले, पण पाण्याला निसटायला वेळच मिळाला नाही. कणांमधला भार पाण्याने उचलला आणि जमीन काही काळ द्रवासारखी वागली. निवासी इमारती न मोडता, आहेत तशा कलंडल्या. नुकताच बांधलेला शोवा पूल कोसळला.

पण आधी आमच्या अज्ञानाचा हिशोब मांडतो. पोलाद कारखान्यातून प्रमाणपत्रासकट येतं, काँक्रीटचे क्यूब फोडून बघता येतात. जमीन जिथे आहे तिथे, जशी आहे तशी घ्यावी लागते. समजा, मार्गावर दर 50 मीटरला एक बोअर घेतलं आणि कामाच्या पट्ट्याची रुंदी 20 मीटर धरली. एका बोअरच्या वाट्याला 1000 चौरस मीटर जमीन आली. त्यातून वर येणारा खडकाचा गाभा, म्हणजे कोअर, साधारण साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा. भागाकार केला तर जमिनीच्या दहा लाख भागांपैकी दोन-तीन भाग आम्ही डोळ्यांनी पाहिलेले असतात. बाकीचं अनुमान. म्हणून कोअर बॉक्स उघडला की मी आधी खडक बघत नाही, रिकाम्या जागा बघतो. दीड मीटर ड्रिल केलं आणि कोअर आला 90 सेंटिमीटर, तर उरलेल्या 60 सेंटिमीटरमध्ये काय होतं? बहुतेक वेळा तिथलाच सगळ्यात कुजका थर पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो, आणि नेमका तोच आपल्याला बघायचा असतो.

मातीत एसपीटी, म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, ही चाचणी घेतात. 63.5 किलोचा हातोडा 76 सेंटिमीटरवरून पाडायचा आणि नमुना-नळी 45 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, उरलेल्यांची बेरीज म्हणजे एन-व्हॅल्यू. चाचणी रांगडी आहे, तिच्यावर टीकाही पुष्कळ होते, पण जगभर ती चालते. अगदी मऊ गाळात मोजायला ठोकेच उरत नाहीत. रॉडच्या नुसत्या वजनाने नळी खाली जाते आणि बोअरलॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, शून्य लिहावं लागतं. असे एकाखाली एक शून्य आले की माझी त्या दिवसाची भूक मरते.

पाण्याचं हे कोडं पहिल्यांदा नीट उलगडलं ऑस्ट्रियन अभियंते कार्ल टेर्झागी यांनी. 1925 साली त्यांचा मृदायांत्रिकीवरचा, म्हणजे भाराखाली माती कशी वागते यावरचा, जर्मन ग्रंथ व्हिएन्नात प्रसिद्ध झाला आणि या विषयाला शास्त्राचं रूप आलं. मधली कल्पना आज साधी वाटते. ओल्या मातीवर टाकलेलं वजन दोघे मिळून उचलतात, कणांचा सांगाडा आणि कणांमधलं पाणी. माती किती ताकदीची हे ठरतं सांगाड्यावर आलेल्या वाट्यावरून. चिकणमातीवर भराव टाकला की सुरुवातीला जवळजवळ सगळा भार पाणी घेतं. मग ते हळूहळू झिरपून निघून जातं, भार कणांवर येतो, माती दबते आणि दबता दबता बळकटही होते. म्हणजे मऊ जमिनीवरचा भराव टाकल्या टाकल्या सर्वांत धोक्यात असतो आणि टिकला तर महिन्यागणिक सुरक्षित होत जातो.

हळूहळू म्हणजे किती? टेर्झागींच्या गणितातून असं निघतं की लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. प्रयोगशाळेत 2 सेंटिमीटर जाडीची चकती दाबतात. पाणी वरून आणि खालून निघतं, म्हणजे सगळ्यात लांबची वाट 1 सेंटिमीटर. समजा, तिचं दबणं जवळजवळ पुरं व्हायला एक तास लागला. आता तीच चिकणमाती जागेवर 10 मीटर जाड आहे आणि तिच्या वर-खाली वाळू आहे. वाट झाली 5 मीटर, पाचशेपट. वेळ पाचशेचा वर्ग, अडीच लाख पट. अडीच लाख तास म्हणजे 28 वर्षांहून जास्त. तेवढा वेळ थांबायला कुणी तयार नसतं.

यावर उपाय पाण्याची वाट आखूड करण्याचा. दहा सेंटिमीटर रुंदीच्या, आत खाचा असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या शिवणयंत्राच्या सुईसारख्या यंत्राने जमिनीत उभ्या खुपसत जायचं. साइटवर यांना पीव्हीडी, म्हणजे प्रीफॅब्रिकेटेड व्हर्टिकल ड्रेन, म्हणतात. दीड मीटर अंतराने पट्ट्या टाकल्या तर पाण्याला पाऊण मीटरच आडवं जायचं असतं. ढोबळ हिशोबाने 75 चा वर्ग, साडेपाच हजार तास, आठेक महिने. 28 वर्षांचं काम आठ महिन्यांवर! वरून गरजेपेक्षा जास्त भराव, म्हणजे सरचार्ज, टाकला की जमीन आणखी लवकर दबते. हे काम दिसायला इतकं रटाळ आहे की त्याचा फोटो कुणी काढत नाही.

ते नीट न केल्याचा परिणाम मात्र प्रत्येक प्रवाशाला कळतो. पूल पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, खडकात पाय रोवून उभा असतो. त्याला टेकलेला भराव मातीवर असतो. पूल खचत नाही, भराव खचतो, आणि दोघांच्या सांध्यावर गाडीला धक्का बसतो. रस्त्यावर डांबर ओतून वेळ मारून नेता येते. वेगवान रेल्वेच्या रुळांना काही मिलिमीटरचा फरकही खपत नाही.

कधी कधी पाणी काढून काढून निघतच नाही. जपानमधला कन्साई विमानतळ समुद्रात बेट उभारून बांधला आणि 1994 साली सुरू झाला. तळाच्या वरच्या मऊ चिकणमातीत वाळूचे असंख्य उभे निचरे घातले होते, आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर दबला. पण त्याखालचे जुने थर इतके खोल जातात की तिथे निचरे पोचणं शक्य नव्हतं. बांधकाम सुरू झाल्यापासून पहिलं बेट 11 मीटरहून अधिक खचलंय आणि वेग मंदावला तरी खचणं चालूच आहे. टर्मिनलच्या खांबांखाली जॅक लावायची सोय पहिल्यापासून ठेवली आहे. खांब उचलायचा, खाली पोलादी पत्रे सरकवायचे, पुन्हा टेकवायचा. आपण हरणार हे आधीच मान्य करून आखलेल्या अशा योजनांबद्दल मला फार आदर आहे.

खोदकामात हिशोब उलटा होतो. तिथे वजन टाकायचं नसतं, काढायचं असतं. सिंगापूरच्या सर्कल लाइन या मेट्रो मार्गासाठी निकोल हायवेलगत साधारण 30 मीटर खोल खोदकाम चालू होतं. 20 एप्रिल 2004 रोजी ते कोसळलं, शेजारचा महामार्ग खचला आणि 4 माणसं गेली. चौकशीत एकाहून अधिक कारणं पुढे आली. भिंतींना आधार देणाऱ्या आडव्या स्ट्रटचे सांधे कमकुवत होते. मला जास्त खटकलेलं कारण दुसरं. संगणकावरच्या प्रारूपात सागरी चिकणमातीची ताकद ज्या पद्धतीने भरली होती, त्यात माती घसरू लागल्यावर आतल्या पाण्याचा दाब किती वाढतो हे नीट धरलंच जात नव्हतं. साहजिकच चिकणमाती होती त्याहून बळकट दिसली आणि तिला अडवणारी भिंत कमी क्षमतेची निघाली. सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. भिंत अपेक्षेपेक्षा जास्त वाकतेय, हे मोजणीची उपकरणं आधीपासून सांगत होती.

जर्मनीत कोलोनला 3 मार्च 2009 रोजी शहराच्या ऐतिहासिक दप्तरखान्याची इमारत भुयारी मार्गाच्या खड्ड्याच्या दिशेने कोसळली. शेजारच्या घरातले दोन तरुण दगावले. मूळ दोष डायफ्रॅम वॉलमध्ये, म्हणजे खड्ड्याच्या कडेला जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीत, होता. भिंतीसाठी चर खोदताना एक मोठा दगड आडवा आला, तो नीट काढला गेला नाही आणि तिथे भिंतीत उणीव राहिली. पुढे त्या जागेतून पाणी आणि पाण्याबरोबर वाळू आत आली, आणि इमारतीखालची जमीन पोकळ झाली. एक दगड! दहा लाखांतले दोन-तीन भाग बघणाऱ्याला ही गोष्ट झोपू देत नाही.

भुयार खणताना जमीन थोडी तरी बसतेच. साडेसहा मीटर व्यासाच्या टीबीएमने, म्हणजे भुयार खणणाऱ्या यंत्राने, 20 मीटर खोलीवर जात असताना भुयाराच्या आकारमानाच्या फक्त एक टक्का माती जास्त आत येऊ दिली, तर वर उथळ परातीसारखा खळगा पडतो आणि मध्यभागी जमीन तेरा-चौदा मिलिमीटर बसते. साध्या इमारतीला तेवढं चालतं. लंडनला ज्युबिली लाइन हा भुयारी रेल्वेमार्ग वाढवताना वेस्टमिन्स्टरचं खोल स्थानक बिग बेनच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ खोदायचं होतं आणि मनोरा कलण्याची धास्ती होती. पायाखालच्या चिकणमातीत आडव्या नळ्या घालून ठेवल्या, आणि मोजणीत कल वाढला की त्यातून नेमक्या जागी सिमेंटचं ग्राऊट दाबून भरायचं, असं खोदकामभर चाललं. रोज मोजायचं आणि त्याप्रमाणे पुढचं ठरवायचं.

मोजणी म्हटलं की सुबक यंत्रं डोळ्यांसमोर येतात. भरावातलं आमचं मुख्य यंत्र म्हणजे तळाशी ठेवलेली एक लोखंडी पाटी आणि तिला जोडलेला उभा पाइप. भराव वाढला की पाइपला वर तुकडा जोडायचा, टोकाची पातळी घ्यायची, झालं. डंपरवाल्यांचं या पाइपशी काय वैर असतं कोण जाणे. एका कामावर सरचार्ज उतरवायची तारीख जवळ आलेली असताना आलेखात दिसलं की भराव एका रात्रीत 40 सेंटिमीटर वर आलाय. भराव वर येत नसतात. नोंदवह्या धुंडाळल्यावर उलगडा झाला. डंपरने वाकवलेला पाइप कापून कुणीतरी नवा, लांब तुकडा जोडला होता आणि ते लिहायचं राहून गेलं होतं. दुरुस्त केलेली रेषा छान सपाट दिसत होती, भराव दबायचा थांबल्यासारखी. फक्त तिच्यात मधल्या नऊ दिवसांचं काय झालं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. शेजारच्या पिझोमीटरचं, म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचं, वाचन घेतलं, तर आतल्या पाण्याचा दाब अजून पुरता उतरला नव्हता. सरचार्ज आणखी सात आठवडे तसाच ठेवला. तेवढे दिवस प्लॅनिंगवाले माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.