जहाजाच्या इंधनखपाचा मशीन लर्निंगद्वारे अंदाज

एखाद्या जहाजाला विशिष्ट वेग, भार आणि समुद्रस्थिती असताना किती इंधन लागेल, हे त्याच्या आधीच्या सफरींच्या नोंदींवरून शिकलेल्या संगणकीय प्रारूपाकडून काढून घेण्याची पद्धत. सफरीचा वेग ठरवणे, मार्ग निवडणे, तळ कधी साफ करायचा आणि बंकर, म्हणजे जहाजाचे इंधन, किती भरायचे हे ठरवणे, यांसाठी ती वापरतात.

प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमधील टॉर्की येथे विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून त्यांना होणारा रोध मोजला, आणि त्यावरून मोठ्या जहाजाचा रोध काढण्याची रीत घालून दिली. पुढे होल्ट्रॉप आणि मेनेन यांनी १९८२ मध्ये मांडलेली रोध व शक्ती काढण्याची सूत्रे आजही प्राथमिक आराखड्यात वापरली जातात. शांत पाण्यात लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतरासाठी इंधन सुमारे १९ टक्के वाचते. पण खरा समुद्र शांत नसतो. समोरचा वारा, लाटा, प्रवाह, तळाला धरलेले शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) यांमुळे एकाच वेगाला एकाच जहाजाचा खप बराच बदलतो. मशीन लर्निंगचा खरा उपयोग या फरकाचा माग काढण्यात आहे.

माहितीचा सर्वांत जुना स्रोत म्हणजे नून रिपोर्ट. रोज दुपारी बारा वाजता जहाजावरून स्थान, कापलेले अंतर, हवामान आणि जळालेले इंधन कळवले जाते. एका जहाजाच्या वर्षभरात अशा ओळी जास्तीत जास्त ३६५, त्यांतूनही बंदरातले दिवस वजा. जहाज पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जाताना घड्याळ बदलते, त्यामुळे एक ‘दिवस’ २३ किंवा २५ तासांचा असू शकतो. ही साधी गोष्ट दुर्लक्षिली तर रोजच्या खपात चार टक्क्यांची चूक आपोआप शिरते. शिवाय सकाळचे वादळ आणि दुपारचा शांत समुद्र एकाच सरासरीत मिसळतात. इंधन-प्रवाहमापक आणि शाफ्टवरचा (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावरचा) पीळ मोजणारा टॉर्क मीटर दर काही मिनिटांनी नोंद देतात. त्यांच्यामुळे चित्र स्पष्ट होते. वारा-लाटांचे आकडे हवामान केंद्रांच्या पुनर्विश्लेषणातून (जुन्या निरीक्षणांवरून प्रारूपाने पुन्हा उभारलेल्या हवामान नोंदींतून), उदाहरणार्थ युरोपीय केंद्राच्या ‘ईआरए-५’ मधून, स्थान आणि वेळेनुसार जोडतात. एआयएसवर (जहाजाची ओळख व स्थान आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर) दिसणारा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे तो आकडा, मात्र हाताने भरलेला असतो आणि बरेचदा मागच्या बंदरातलाच राहून जातो. वेगही दोन असतात, जमिनीच्या संदर्भातला आणि पाण्यातला. इंजिनावरचा भार पाण्यातल्या वेगावर ठरतो, पण हा वेग मोजणारे ‘लॉग’ हे उपकरण सहज बिघडते.

प्रारूपांत साध्या प्रतिगमनापासून (रिग्रेशन) रँडम फॉरेस्ट, ग्रेडियंट बूस्टिंग, गाउसियन प्रक्रिया आणि न्यूरल नेटवर्कपर्यंत सर्व काही वापरले जाते. नून रिपोर्टसारख्या तुटपुंज्या माहितीवर गुंतागुंतीचे नेटवर्क क्वचितच फायद्याचे ठरते. कोणते प्रारूप निवडले यापेक्षा ते कसे तपासले, हे जास्त महत्त्वाचे आहे. दहा-दहा मिनिटांच्या नोंदी यादृच्छिकपणे प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन गटांत विभागल्या, तर चाचणीतल्या प्रत्येक नोंदीचा अगदी जवळचा शेजारी प्रशिक्षणात असतो. अचूकता मग डोळे दिपवणारी दिसते आणि पुढच्या सफरीत कोसळते. संपूर्ण सफरी किंवा नंतरचा काळ बाजूला ठेवूनच तपासणी केली पाहिजे. इंजिनाचे फेरे किंवा शक्ती हे निविष्ट (इनपुट) म्हणून दिले तरी असाच भ्रम होतो: खप त्यांच्याशी जवळजवळ थेट बांधलेला असतो, आणि सफरीचे नियोजन करताना ते आकडे हाती नसतातच.

निर्णय-वृक्षांवर आधारलेली प्रारूपे शिकलेल्या कक्षेबाहेर जात नाहीत. जहाज कायम १४ नॉटने चालले असेल, तर १० नॉटला काय होईल हे त्यांना सांगता येत नाही, आणि बचतीचा प्रश्न नेमका तिथेच असतो. म्हणून भौतिक सूत्राने पाया घालून उरलेला फरक माहितीतून शिकणारी ‘करडी’ प्रारूपे अधिक विश्वासार्ह वाटतात. तळ हळूहळू खराब होतो आणि ड्राय डॉकनंतर (जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळ साफ केल्यावर) खप एकदम उतरतो, म्हणून शेवटच्या सफाईनंतरचे दिवस हेही निविष्टांत घ्यावे लागतात. तळ व प्रोपेलरच्या कार्यक्षमतेतील असे बदल मोजण्यासाठी २०१६ मध्ये आयएसओ १९०३० हे मानक आले.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१९ पासून ५,००० जीटी (ग्रॉस टनेज, जहाजाच्या एकूण आकारमानाचे माप) व त्याहून मोठ्या जहाजांच्या इंधनाची नोंद बंधनकारक केली. २०२३ पासून कार्बन तीव्रतेनुसार अशा बहुतेक मालवाहू व प्रवासी जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी मिळते. श्रेणी प्रत्यक्ष जळालेल्या इंधनावरच ठरते; अंदाजाचा उपयोग वर्ष संपण्याआधी वेग सुधारण्यासाठी होतो.

इंधनही बदलते आहे. जड इंधन तेलाची उष्णता किलोमागे सुमारे ४०.२ मेगाज्यूल, तर मिथेनॉलची सुमारे १९.९ आहे. जड तेलाच्या टनांत शिकलेले प्रारूप मिथेनॉलवर चालणाऱ्या जहाजावर निरुपयोगी ठरते. शाफ्टवर लागणाऱ्या शक्तीचा अंदाज आधी बांधून नंतर इंधनाचा हिशेब केला, तर तेच प्रारूप दोन्हीकडे चालते.