कॅडमधले कर्व्ह आले कुठून? स्प्लाइनपासून नर्ब्सपर्यंतची पार्श्वभूमी

ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) शिकताना सरळ रेषेचा त्रास कुणालाच होत नाही, गाडी अडते ती कर्व्हपाशी. आर्क रेषेला टॅन्जंट (कोपरा न पडता टेकलेला) बसत नाही, स्प्लाइनचा (मोकळ्या आकाराच्या कर्व्हचा) एक पॉइंट ओढला की भलतीकडेच फुगवटा येतो, आणि दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये होल गोल दिसतं पण त्याचं सेंटर काही केल्या पकडता येत नाही. माझ्या मते हे सगळं एकाच कारणाने होतं: दिसायला सारखे पण आतून वेगळे असे दोन घराण्यांतले कर्व्ह एकाच ड्रॉइंगमध्ये नांदत असतात, आणि ही घराणी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या अडचणींतून जन्माला घातलीत.

पहिलं घराणं कंपासचं. सेंटर सांगा, रेडियस सांगा, वर्तुळ झालं, जगात कुठेही काढा तेच येणार. पण जहाजाचा तळ किंवा विमानाची बॉडी कंपासने निघत नाही, त्यामुळे जहाज बांधणारे मोठ्या हॉलच्या जमिनीवर फुल साइज ड्रॉइंग काढायचे, लाकडाची लवचिक पट्टी ठरलेल्या पॉइंटांवरून वाकवायची, ती हलू नये म्हणून शिशाची वजनं ठेवायची आणि कडेने रेघ मारायची. हीच ती मूळची स्प्लाइन, आणि दुसरं घराणं इथूनच सुरू होतं. पट्टी स्वतःहून कमीत कमी ताण येईल अशी वाकते म्हणून रेघ देखणी यायची. पण तीच रेघ दुसऱ्या कारखान्यात हवी असेल तर टेम्प्लेट करून पाठवायचं, आणि प्रत्येक कॉपीत थोडं थोडं बिघडायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये रॉय लायमिंगने यावर आकड्यांचा उपाय काढला. पी-५१ मस्टँग विमानाच्या बॉडीचे कर्व्ह त्याने कोनिक सेक्शनमध्ये (शंकू कापल्यावर मिळणाऱ्या लंबवर्तुळासारख्या कर्व्हमध्ये) बसवले, म्हणजे पट्टीवर भरवसा ठेवण्याऐवजी समीकरणातून पॉइंट काढायचे, आकडे पाठवले की आकार पोचला. कॉम्प्युटर यायच्या आधी हे झालंय, हे मला आजही भारी वाटतं.

खरी मोठी उडी मात्र फ्रान्समधल्या मोटार कंपन्यांत झाली. तिथे डिझायनरचं स्केच, त्यावरून मोठं ड्रॉइंग, त्यावरून मॉडेल, त्यावरून डाय (पत्रा दाबायचा साचा), आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कुशल माणूस आपल्या नजरेने आकार थोडा 'सुधारणार', मग शेवटी मूळ आकार नक्की कोणता यावरच वाद. सित्रोएनमध्ये १९५८ साली आलेल्या पॉल द कास्तेलजो या तरुण गणितज्ञाने १९५९ च्या सुमारास यावर मोजक्या पॉइंटांवरून अख्खा कर्व्ह ठरवायची पद्धत काढली, पण कंपनीने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. रेनोमध्ये पिएर बेझिए हा मेकॅनिकल इंजिनियर स्वतंत्रपणे तिथेच पोचला, त्याने ते छापलं, त्यातून युनिसर्फ ही सिस्टीम उभी केली, म्हणून कर्व्हला नाव त्याचं लागलं, बेझिए कर्व्ह. मला यात कास्तेलजोवर अन्याय झाला असंच वाटतं, निदान कर्व्हवर पॉइंट काढायच्या पद्धतीला तरी त्याचं नाव राहिलंय.

ती पद्धत कागदावर करून बघा. चार पॉइंट घ्या, क्रमाने जोडा, तीन रेषा होतील. तिन्हींचे मध्यबिंदू काढून जोडा, दोन रेषा. त्यांचे मध्यबिंदू जोडा, एक रेषा, आणि तिचा मध्यबिंदू थेट कर्व्हवरचा पॉइंट. मध्याऐवजी एक-चतुर्थांशावर घेतलं की कर्व्हवरचा दुसरा पॉइंट मिळतो. मधले दोन पॉइंट कर्व्हवर नसतातच, ते बाहेरून ओढतात. त्यामुळे ज्याला कर्व्ह नेमका त्याच पॉइंटमधून जायला हवा असतो आणि तो असे ओढणारे कंट्रोल पॉइंट टाकत बसतो, त्याची चिडचिड होते. तिथे फिट पॉइंट हवेत, म्हणजे कर्व्ह ज्यांच्यातून जातोच असे.

आता गंमत अशी की इतका ताकदवान कर्व्ह साधं वर्तुळ अचूक काढू शकत नाही. १०० मिमी रेडियसचं पाव वर्तुळ बेझिएने काढायचं तर हँडल (टोकाच्या पॉइंटपासून शेजारच्या कंट्रोल पॉइंटपर्यंतचं अंतर) साधारण ५५.२३ मिमीचे ठेवतात, तरीही काही ठिकाणी कर्व्ह जवळपास ०.०२७ मिमी बाहेर जातो. स्क्रीनवर हे दिसणारच नाही, लोगो काढायला चालेल. पण तेच २०० मिमी व्यासाचं एच७ बोअर (एच७ या ठरलेल्या मापाच्या वर्गातलं अचूक होल) असेल तर तिथे सगळी मिळून टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ४६ मायक्रॉन (०.०४६ मिमी), आणि व्यासात फरक पडतो ५४ च्या आसपास. म्हणजे मशीनला हात लावायच्या आधीच पार्ट रिजेक्ट.

यावर इलाज म्हणजे प्रत्येक कंट्रोल पॉइंटला वजन द्यायचं, म्हणजे तो कर्व्हला किती जोरात ओढतो त्याचा आकडा. तीन पॉइंट, मधल्याला ०.७०७१ वजन, की पाव वर्तुळ तंतोतंत. केन व्हर्स्प्रिलने १९७५ मध्ये सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीच्या पीएचडीत रॅशनल बी-स्प्लाइनवर (बरेच तुकडे सलग जोडलेल्या, वजनं दिलेल्या कर्व्हवर) काम केलं, आणि पुढे नर्ब्स म्हणून जे रूढ झालं त्याचा पाया तिथे आहे. एकाच गणितात वर्तुळही आणि बॉनेटचा आकारही बसतो म्हटल्यावर विमान कंपन्यांनी ते उचलून धरलं, १९८० च्या दशकात ते फाइल एक्स्चेंजच्या फॉरमॅटमध्येही आलं. ऑटोकॅडमध्ये खरी नर्ब्स स्प्लाइन यायला मात्र १९९४ चं रिलीज १३ उजाडलं, तोपर्यंत पॉलिलाइनलाच (रेषा आणि आर्क जोडून झालेल्या एका सलग रेषेलाच) स्प्लाइनसारखं वळवून काम भागवायचे. पॉलिलाइनमधला आर्क आजही बल्ज नावाच्या एका आकड्यात साठवला जातो, आर्कच्या कोनाच्या चौथ्या हिश्शाचा त्रिकोणमितीतला टॅन्जंट: सरळ रेषेला ०, अर्धवर्तुळाला १.

हा झाला आकार. तो जागेवर बसवायची गोष्ट आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅडपासून सुरू होते, एमआयटी, १९६३. लाइट पेन रेषेजवळ नेला की पॉइंट आपोआप रेषेवर चिकटायचा, आपला ऑटोकॅडमधला ओस्नॅप तोच. शिवाय या दोन रेषा समांतर ठेव, या काटकोनात ठेव असं सांगितलं की प्रोग्राम स्वतः जुळवून घ्यायचा. ही कल्पना रोजच्या कामात रुळली ती प्रो-इंजिनियर हे कॅड सॉफ्टवेअर आल्यावर, १९८० च्या दशकाच्या शेवटी, आणि आज चाकणच्या एखाद्या डिझाइन ऑफिसमधला नवखा पोरगाही स्केचमध्ये टॅन्जंट कन्स्ट्रेंट (हे दोन टॅन्जंटच राहू देत अशी अट) टाकतो तेव्हा तेच वापरत असतो.

म्हणून बाहेरून आलेल्या फाइलमध्ये सेंटर पकडता येत नसेल तर आधी प्रॉपर्टीज उघडून बघा, तिथे सर्कल किंवा आर्कऐवजी स्प्लाइन लिहिलेलं असेल, म्हणजे एक्स्पोर्ट करताना त्याचं घराणं बदललंय. ते ओढून-ताणून दुरुस्त करू नका. कर्व्हवर तीन पॉइंट लांब लांब घ्या, थ्री-पॉइंट सर्कल काढा, रेडियस पूर्ण आकड्याच्या जवळ येतोय का बघा, मूळ ड्रॉइंगशी ताडून तो आकडा टाका आणि जुनी स्प्लाइन डिलीट करा.