गाडीच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी चालतं का?

"गोव्यात कुठे बर्फ पडतो? रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओता, कुलंटचे पैसे वाचवा" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायचा द्रव, पाणी गोठू देत नाही हे खरंच आहे. पण ते त्याच्या अनेक कामांपैकी फक्त एक.

साधं पाणी 100 अंशांना उकळतं. निम्मं कुलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असेल तर सुमारे 106 अंशांना. मे महिन्यात चोर्ला घाट चढताना हाच फरक कामी येतो. शिवाय कुलंट आतला धातू गंजू देत नाही. नळाच्या, विहिरीच्या पाण्यातले क्षार मात्र आत थर धरतात.

पडताळणी घरीच होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेने हात भाजतो). रेडिएटरला नळीने जोडलेल्या पांढरट टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. द्रव मातकट, तपकिरी दिसला तर बहुधा आत गंज धरलाय.

पातळी किंचित उतरली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कुलंट स्वतः भरा, त्यासाठी मेकॅनिक नको. आठवड्याभरात पुन्हा उतरली तर कुठेतरी गळती आहे. मग घरी खटाटोप न करता गॅरेज गाठा.