फ्लाय कास्टिंग: सराव आणि शिकवणी

फ्लाय कास्टिंग म्हणजे लांब लवचिक रॉडनं जाड दोरी हवेत मागं-पुढं खेळवायची आणि पिसं-दोरा गुंडाळून बनवलेली एकदम हलकी गरी पाण्यावर पाहिजे तिथं अलगद उतरवायची. मासे पकडता पकडता हे होऊन जाईल असं बहुतेकांना वाटते, पण तसं होत नाही. हात सुधारतो तो कोरड्या जमिनीवर, मासा डोक्यातून काढून, आणि बाजूला उभं राहून कोणीतरी पाहत असलं तर.

साध्या गळाला शिशाचा गुंडा राहतो, गोफणीत दगड राहतो, म्हणजे वजन पुढं जाते आणि दोरी त्याच्यामागं ओढली जाते. इथं सगळं उलटं आहे, गरीला वजनच नाही, वजन दोरीत आहे आणि दोरीच गरीला घेऊन जाते. म्हणून दोरीला नंबर राहतात. 5 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम भरतात, आणि रॉडवरही तोच नंबर लिहिलेला राहतो, सुरुवातीला 9 फुटी रॉड बरा पडतो. नंबर जुळले नाहीत तर सराव करून करून माणूस थकते आणि दोष मात्र स्वतःच्या हाताला देते.

आता खरी गोष्ट. कास्ट ताकदीनं होत नाही, थांबण्यानं होते. धानाच्या रोवणीत बाया हाताचा चिखल झटकतात ते आठवा, हात हळू निघतो, वेग घेतो आणि एकदम थांबतो, हात थांबला की चिखल उडतो. रॉडचंही हेच आहे, हळू सुरुवात, वाढत जाणारा वेग आणि खटकन थांबा. थांबल्यावर वाकलेला रॉड सरळ होतो, दोरी टोकाच्या पुढं निघून जाते आणि तिचा आडवा पडलेल्या यू सारखा आकार तयार होतो, त्याला लूप म्हणतात. टोक सरळ रेषेत फिरलं तर लूप अरुंद राहतो आणि वारा कापत जातो, टोक कमानीसारखं फिरलं तर लूप रुंद होतो आणि समोरच्या वाऱ्यात दोरी तिथंच ढेपाळते.

आणि थांबल्यावर वाट पाहायची, हे सगळ्यात अवघड. मागं गेलेली दोरी जवळजवळ सरळ होईपर्यंत हात हलवायचा नाही, दोरी जेवढी लांब तेवढा थांबा लांब. घाई केली की मागं चाबूक फुटल्यासारखा आवाज येतो आणि कधी कधी गरीच तुटून जाते. मान वळवून मागं पाहायला लाजू नये, पुढचा अर्धा कास्ट मागंच ठरलेला राहतो.

सरावाला जागा म्हणजे शाळेचं मैदान किंवा गावाचं आखर, जिथं बारीक गवत आहे. कापलेल्या धानाची बांधी मोकळी दिसते पण तिच्या खुंटांत दोरी अडकते आणि खरचटते, तिथं नको. गरीऐवजी लोकरीचा छोटा तुकडा बांधायचा, तरीही टोपी आणि चष्मा लागतोच. उन्हाळ्यात पहाटेच जायचं, नंतर ऊन आणि वावटळ दोन्ही. रोज 15-20 मिनिटं पुरेत, थकलेला हात चुकाच पक्क्या करतो. 30 फुटांवर थाळी ठेवा, ती लागायला लागली की मग लांबचं पाहा. घरी येऊन ओल्या फडक्यानं दोरी पुसायची, माती राहिली तर ती रॉडच्या कड्यांतून नीट सरकत नाही.

चुका बहुतेकांच्या त्याच त्या राहतात. मनगट मोडलं की रॉड फार मागं पडतो आणि दोरी जमिनीला लागते, त्यावर जुन्या सायकल ट्यूबच्या पट्टीनं रॉडची मूठ मनगटाला बांधून सराव करावा, चूक झाली की पट्टी लगेच सांगते. दुसरी म्हणजे टेलिंग लूप, यात दोरीचा वरचा भाग खालच्या भागाला ओलांडतो आणि पुढच्या बारीक दोऱ्यात गाठी पडतात, लोक वाऱ्याला दोष देतात पण कारण बहुतेक वेळा मधेच मारलेला झटका किंवा मागं थांबल्यावर नकळत पुढं सरकलेला हात हेच राहते. ती गाठ दिसली की दोरा बदलावा, तिथं त्याची ताकद फार कमी होऊन जाते.

आपला हात आपल्याला दिसत नाही, म्हणून शिकवणारा लागतो. अमेरिकेत जोन वुल्फ यांनी 1951 मध्ये लांब फेकीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागं टाकलं, 1960 मध्ये 161 फूट कास्ट केला, आणि मग त्यांनी कितीतरी वर्षं लोकांना शिकवण्यात घातली. तिथं 1992 पासून शिक्षकांची परीक्षाही होते, तिच्यात कास्ट करून दाखवावाच लागतो पण समजावून सांगताही आलं पाहिजे. भंडारा-गोंदियाच्या खेड्यात असा शिक्षक कुठून आणायचा, तर मित्राला बाजूला उभं करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करायला सांगा आणि पाहताना फक्त रॉडचं टोक पाहा. आमच्याकडं ढिवरांचं पोरगं फेकजाळं शिकते तेही असंच, बाजूला बाप उभा राहतो आणि जाळ्याचा घेर नीट उघडला नाही की लगेच सांगतो, एका वेळी एकच चूक. फ्लायमध्येही एका दिवशी एकच गोष्ट धरावी.

डाव्या हातानं दोरी ओढून वेग वाढवायचा डबल हॉल लवकर शिकायला जाऊ नये, आधीच्या चुका त्यानं झाकल्या जातात. रोल कास्ट, म्हणजे दोरी मागं न फेकता पाण्यावरूनच पुढं उलगडत टाकायची, तो मात्र लवकर शिकावा, कारण मामा तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या) पाळीवर मागं मोह नाहीतर बाभूळ उभी राहतेच आणि मागं दोरी फेकायला जागा नसते. हा एक कास्ट गवतावर नीट जमत नाही, त्याला दोरी धरून ठेवणारं पाणी लागते, म्हणून तो बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर जाऊनच करायचा. तलाव बहुतेक मच्छीमार संस्थेकडं ठेक्यानं दिलेले राहतात, तेव्हा लोकरीचा तुकडा काढून गरी बांधायच्या आधी संस्थेला विचारून घ्यावं.