आलिशान स्पोर्ट्‌स कारवरील कर

आलिशान स्पोर्ट्‌स कारच्या किमतीवर वेगवेगळे देश जे सीमाशुल्क, विक्रीकर, चैनकर आणि नोंदणीकर लावतात, त्यांची ही एकत्रित नोंद. या करांमुळे एकाच कारखान्यातून निघालेली एकच गाडी एका देशात दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट किमतीला विकली जाते. इटलीतल्या मारानेल्लोच्या कारखान्यातून निघालेली फेरारी जर्मनीत १९ टक्के मूल्यवर्धित कर भरून रस्त्यावर येते. दुबईत ५ टक्के सीमाशुल्क आणि ५ टक्के मूल्यवर्धित कर एवढ्यावर भागते. भारत, डेन्मार्क, सिंगापूर येथे मात्र मूळ किमतीपेक्षा कर मोठा होतो.

केवळ दर पाहून यातला फरक कळत नाही. कोणता कर आधी लागतो आणि पुढचा कर कोणत्या रकमेवर मोजला जातो, हे पाहावे लागते. भारतात जहाजभाडे व विम्यासह १ कोटी रुपयांना उतरलेली तयार गाडी घेतली, तर तिच्यावर ११० टक्के आयातशुल्क लागते आणि रक्कम २ कोटी १० लाख होते. जीएसटी या फुगलेल्या रकमेवर बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या ४० टक्के दराने तो ८४ लाख होतो, म्हणजे एकूण २ कोटी ९४ लाख. विक्रेत्याचा नफा, विमा आणि रोड टॅक्स यात अजून आलेलेच नाहीत. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर मिळून हीच बेरीज ३ कोटी ११ लाखांच्या घरात जात होती.

यातल्या ११० टक्क्यांची फोड मजेशीर आहे. ४० हजार डॉलरहून महाग गाड्यांवर आधी १०० टक्के मूळ शुल्क आणि १० टक्के समाजकल्याण अधिभार होता. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले गेले आणि उरलेले ४० टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर’ म्हणून लावले गेले. ग्राहकाच्या खिशाला फरक शून्य. फक्त उपकरातून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. लॅम्बोर्गिनीच्या संस्थापकाचा मूळ धंदा ट्रॅक्टरचा होता, तेव्हा निदान त्या गाडीपुरते तरी शेतीशी नाते जुळते म्हणायचे!

महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी २० टक्के रोड टॅक्स आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती २० लाख रुपये होती, जुलै २०२५ पासून ३० लाख. त्यामुळे दीड कोटीच्या पुढे गाडी जितकी महाग, तितका हा कर प्रमाणाने हलका होत जातो. कर जास्त वाटला की गाड्या स्वस्त कराच्या परराज्यात पासिंग होऊन मुंबईत फिरतात, ही या मर्यादेमागची अडचण. पुद्दुचेरीच्या नंबरप्लेटची महागडी गाडी वांद्र्यात दिसली, तर मालक पुद्दुचेरीचाच असेल असे कोणी समजत नाही.

आयातशुल्क हा विषय मराठी घरांत चर्चेला आला तो सचिन तेंडुलकरच्या फेरारीमुळे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाट हिच्यातर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन शर्यतमार्गावर फेरारीचा शर्यतपटू मायकल शूमाकरने ती त्याच्या हवाली केली. तिच्यावरचे १ कोटी १३ लाखांचे शुल्क सरकारने माफ केले, त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते पैसे फियाटने भरले. फुकट मिळालेल्या गाडीलाही शुल्क चुकत नाही, हे त्या वेळी पुष्कळांना प्रथमच कळले.

सिंगापूरमध्ये कराचा हेतू वेगळा आहे. छोट्या बेटावर गाड्यांची संख्याच आटोक्यात ठेवायची असल्याने १९९० पासून गाडी ठेवण्याच्या हक्काचाच लिलाव होतो. हा परवाना १० वर्षांचा असतो. मोठ्या गाड्यांच्या गटात ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेली. याशिवाय अतिरिक्त नोंदणी शुल्क टप्प्याटप्प्याने चढते: पहिल्या २० हजारांवर १०० टक्के, पुढे १४०, १९०, २५० आणि ८० हजारांवरील रकमेवर ३२० टक्के. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या या दरांनी २ लाख डॉलरच्या गाडीवर एकट्या याच शुल्काचे ५ लाख २० हजार होतात. २० टक्के अबकारी आणि ९ टक्के जीएसटी धरून बेरीज ७ लाख ८० हजारांपुढे जाते आणि परवाना त्यानंतर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीत प्रमाण एकास तीन आहे. इथे परवाना धरला की तेही ओलांडले जाते.

डेन्मार्कमध्ये २५ टक्के मूल्यवर्धित कर लावून झालेल्या किमतीवर नोंदणीकर बसतो आणि त्याचा वरचा टप्पा १५० टक्के आहे. पूर्वी तो १८० होता.

चैन नेमकी कशात मोजायची, यावर देशांचे एकमत नाही. इटलीत १९७० च्या दशकात ती इंजिनाच्या आकारात मोजली गेली. दोन लिटरहून मोठ्या इंजिनाला ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता, लहान इंजिनाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. फेरारीने मग आपल्या तीन लिटरच्या गाडीत १,९९१ सीसीचे चिमुकले व्ही-८ इंजिन बसवून २०८ ही घरच्या बाजारापुरती मालिका काढली. दिसायला तीच, पळायला मात्र मंद. शेवटी १९८२ मध्ये तिला टर्बो जोडून गेलेली ताकद परत आणावी लागली. फेरारीच्या इतिहासातले हे पान कर अधिकाऱ्यांनी लिहिले, असे म्हणायला हरकत नाही. आता इटलीत मोजमाप ताकदीचे आहे. २०१२ पासून १८५ किलोवॅटच्या वरील प्रत्येक किलोवॅटला वर्षाला २० युरो पडतात. ६०० अश्वशक्तीच्या नव्या गाडीला नेहमीच्या वार्षिक कराशिवाय ही भर ५ हजार युरोंहून अधिक होते. गाडी जुनी होत जाते तशी ती घटते आणि वीस वर्षांनी संपते.

फ्रान्स धूर मोजतो: सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या गाडीला नोंदणीच्या वेळी २०२४ मध्ये ६० हजार, तर २०२५ मध्ये ७० हजार युरो दंडवजा कर होता. चीनमध्ये चार लिटरहून मोठ्या इंजिनाला ४० टक्के उपभोगकर आहे, शिवाय महागड्या गाडीला आणखी १० टक्के. ही ‘महागडी’ची रेषा २०१६ मध्ये १३ लाख युआन होती, जुलै २०२५ मध्ये ती ९ लाखांवर आली. ऑस्ट्रेलियाचा ३३ टक्के चैनकर ठरावीक मर्यादेवरील रकमेलाच लागतो. देशी कारखान्यांना त्याचा आडोसा होता. ते कारखाने २०१७ मध्ये बंद झाले, कर चालूच आहे.

चढ्या कराला पळवाटाही फुटतात. पर्यटकाची गाडी ‘कार्नेट’ या कागदावर शुल्क न भरता तात्पुरती देशात आणता येते. दुबईची नंबरप्लेट असलेल्या काही गाड्या मुंबईत दिसतात त्या यामुळे. मुदतीत ती परत नेली नाही, तर शुल्क वसूल होते. राजमार्गाने दर उतरण्याची सोय व्यापार करारांत आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार ठरलेल्या कोट्यापुरते ब्रिटिश गाड्यांचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचे आहे. अ‍ॅस्टन मार्टिन आणि मॅकलॅरेन या ब्रिटनमध्येच बनतात.